क्यूबिटला सगळंच ऐकू येतं

प्रश्न असा होता: "वैश्विक किरणांमुळे क्वांटम संगणकातले अतिवाहक क्यूबिट बिघडतात असं वाचलं. मग तीच चिप उलटी वापरून डार्क मॅटरसारखे अगदी कमी ऊर्जेचे कण पकडता येणार नाहीत का? किती खालपर्यंत जाता येईल, आणि अडतंय कुठे?"

वापर सुरू झालाय, पण 'तीच चिप' मात्र नाही. गणनेला उत्तम असलेला क्यूबिट (क्वांटम संगणकातलं माहितीचं एकक) कण पकडायला जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि कण पकडायला चांगला असलेला क्यूबिट गणनेवाल्यांनी कधीच फेकून दिलेला असतो. हे पटायला थोडे आकडे मांडावे लागतील, तेव्हा सवडीने वाचा. मी या कामात क्यूबिटच्या बाजूने आलेलो नाही, अतिशीत डिटेक्टरच्या बाजूने आलो. माझा कल कुठे असणार ते त्यावरून ओळखालच.

आधी ऊर्जेचा अंदाज घेऊ. पुढे इलेक्ट्रॉनव्होल्टला नुसतं इव्ही म्हणतो. ॲल्युमिनियम १.२ केल्विनच्या खाली अतिवाहक होतं, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन कूपर जोड्या बांधून राहतात. अशी एक जोडी तोडायला सुमारे ०.४ मिलीइव्ही लागतात. सिलिकॉनच्या सीसीडीत (कॅमेऱ्यातला प्रकाशसंवेदक) एक इलेक्ट्रॉन-होल जोडी, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, सुटी करायची तर किमान १.१ इव्ही लागतात, म्हणजे जवळपास तीन हजार पट. अतिवाहकाचं आकर्षण एवढ्या एका गुणोत्तरात आहे.

डार्क मॅटरचे, म्हणजे न दिसणाऱ्या आणि फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या पदार्थाचे, कण आपल्या आकाशगंगेत साधारण प्रकाशाच्या एक-हजारांश वेगाने फिरत असावेत. म्हणजे त्यांची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या (तेही ऊर्जेच्याच एककात मोजतात) वीस लाखाव्या भागाइतकी. कणाचं वस्तुमान १ एमईव्ही (दहा लाख इव्ही) असेल तर त्याच्याकडे अर्धा इव्ही असतो. १ केईव्ही (हजार इव्ही) असेल तर अर्धा मिलीइव्ही. ही सगळी ऊर्जा आपल्याला मिळत नाही. गोटी रोड रोलरवर आपटली तर रोलर किती हलेल? १ एमईव्हीचा कण सिलिकॉनच्या एकट्या अणुगर्भाला फार तर ०.०८ मिलीइव्ही देईल. खरं तर इतक्या खाली एकटा अणुगर्भ ही कल्पनाच चालत नाही, स्फटिकाची जाळी एकत्र प्रतिसाद देते आणि थेट फोनॉन, म्हणजे जाळीतली कंपनं, तयार होतात. सिलिकॉनमधले सर्वाधिक ऊर्जेचे फोनॉन साठेक मिलीइव्हीचे. तेव्हा खेळ चालतो तो एका मिलीइव्हीपासून काहीशे मिलीइव्हीपर्यंतच्या पट्ट्यात, आणि तिथे आजचे बहुतेक डिटेक्टर बहिरे आहेत.

आता तुम्ही वाचलेल्या बातम्या. २०२० मध्ये एमआयटी आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने क्यूबिट अतिशीत ठेवणाऱ्या फ्रीजमध्ये क्यूबिटशेजारी किरणोत्सारी तांबे-६४ ठेवलं आणि ते क्षीण होत जाईल तसा क्यूबिट सुधारत जातो हे दाखवलं. २०२१ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाला शेजारशेजारच्या क्यूबिटमध्ये एकाच क्षणी विद्युतभाराच्या उड्या दिसल्या. भाराची उडी आसपासच्यांपुरती, पण क्यूबिटची आयुष्यं मात्र चिपभर घसरत होती. गूगलने २०२२ मध्ये २६ क्यूबिट एकदम वाचत ठेवले, तेव्हा साधारण दर दहा सेकंदांनी ते सगळे एकत्र आडवे पडत आणि सावरायला काही दहा मिलीसेकंद घेत. इटलीतल्या ग्रान सास्सो या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, शिशाच्या कवचात, अतिवाहक रेझोनेटरांमधले (ठरावीक वारंवारतेला गुंजणारे परिपथ) असे स्फोट तीस पटींनी कमी झाले.

हे सगळं खरं आहे. पण म्यूऑन (वैश्विक किरणांतून जमिनीपर्यंत येणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) अर्धा मिलीमीटर जाड सिलिकॉनमधून जाताना सुमारे दोन लाख इव्ही सोडून जातो, जोडी तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या पन्नास कोटी पट. अंगणातून हत्ती गेला आणि खिडक्या थरथरल्या, यावरून खिडकीला मुंगीची पावलं ऐकू येतात असं कुणी म्हणू नये.

मुंगी ऐकू येते का, याचा हिशेब हातानेच करून बघू. नेहमीच्या ट्रान्समॉन क्यूबिटच्या (धातूच्या दोन पाट्या आणि त्यांना जोडणारं एक जंक्शन, असा अतिवाहक क्यूबिट) दोन पाट्या धरा, प्रत्येकी ४०० बाय २०० मायक्रॉन, जाडी ०.१ मायक्रॉन. दोन्ही मिळून १६,००० घन मायक्रॉन ॲल्युमिनियम. एका घन मायक्रॉनमध्ये चाळीसेक लाख कूपर जोड्या, म्हणजे एकूण ६,४०० कोटी. त्यात एक कोटी जोड्यांमागे एक क्वासीपार्टिकल (तुटलेल्या जोडीतला सुटा इलेक्ट्रॉन म्हणा, काटेकोर नसलं तरी इथे चालेल) आहे असं धरलं तर एकूण ६,४०० क्वासीपार्टिकल झाले. ५ गिगाहर्ट्झच्या क्यूबिटचं उत्तेजित अवस्थेतलं आयुष्य, ज्याला आम्ही टी-वन म्हणतो, तेवढ्यामुळे सुमारे २४० मायक्रोसेकंदांवर अडकतं. आता कण येऊन आदळला आणि टी-वन अर्ध्यावर आला, एवढा ठळक फरक दिसायला हवा असेल तर आणखी ६,४०० क्वासीपार्टिकल हवेत. प्रत्येकी ०.१९ मिलीइव्ही धरले तर झाले १.२ इव्ही.

वाईट नाही, असं वाटतं ना? थांबा. हे १.२ इव्ही पाट्यांच्या आत पोचायला हवेत. कण आदळतो सिलिकॉनमध्ये. तिथून फोनॉन निघतात, भिंतींवर आपटत फिरतात आणि जिथे ॲल्युमिनियम भेटेल तिथे जोड्या तोडतात. गणनेच्या चिपवर पाट्यांच्या कितीतरी पट मोठा ग्राउंड प्लेन, म्हणजे चिपभर पसरलेला धातूचा थर, असतो, तोही अतिवाहकाचाच. बहुतेक फोनॉन तो गिळतो, उरलेले चिपच्या आधारांतून पेटीत निसटतात. शंभरातला एक भाग पाट्यांपर्यंत आला तर उंबरठा, म्हणजे पकडता येणारी किमान ऊर्जा, १.२ वरून १२० इव्हीवर गेला. शिवाय टी-वन तसाही तासातासाला वरखाली होतो, कारण ऑक्साइडच्या थरांतले दोष कधी क्यूबिटच्या वारंवारतेवर येऊन बसतात, कधी उठून जातात. आणि टी-वन हा एक आकडा मिळवायला शेकडो वेळा मोजावं लागतं. स्फोट मात्र एकदाच होतो आणि काही मिलीसेकंदांत विरतो. थोडक्यात, टी-वन बघून कण मोजणं म्हणजे तलावाच्या पातळीवरून पावसाचे थेंब मोजणं.

मग करायचं काय? तलाव सोडायचा आणि थेंब पडताना टपकन वाजेल असा पत्रा शोधायचा.

तो पत्रा म्हणजे पॅरिटी. जोसेफसन जंक्शनच्या (दोन अतिवाहकांमधला अगदी पातळ विद्युतरोधक थर) एका बाजूला असलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या सम आहे की विषम, एवढाच प्रश्न. कूपर जोड्या दोन-दोनने ये-जा करतात, त्यामुळे समाचं सम राहतं. एक सुटा क्वासीपार्टिकल जंक्शन ओलांडून गेला की समाचं विषम होतं. पाट्यांत आणखी किती हजार क्वासीपार्टिकल आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकाची घटना एकाचीच दिसते.

गंमत अशी की ट्रान्समॉनचा शोधच मुळी ही गोष्ट दिसू नये म्हणून लागला. २००७ मध्ये येलच्या गटाने दाखवलं की जंक्शनची जोसेफसन ऊर्जा (जोड्या जंक्शन किती सहज ओलांडतात याचं माप) भारऊर्जेच्या (एक जादा इलेक्ट्रॉन ठेवायला लागणारी ऊर्जा) ५० पट किंवा जास्त ठेवली की क्यूबिटची वारंवारता भाराला जवळजवळ दाद देत नाही. गणनेवाले तेव्हापासून त्याच सुखात आहेत. आम्ही ते गुणोत्तर परत विसाच्या आसपास आणतो. अशा भार-संवेदी ट्रान्समॉनला सम आणि विषम पॅरिटीत दोन वेगळ्या वारंवारता असतात, फरक काही मेगाहर्ट्झचा. समजा २ मेगाहर्ट्झ. क्यूबिटला पाव फेरा देणारी मायक्रोवेव्ह स्पंद द्यायची, पाव मायक्रोसेकंद थांबायचं, मग कला (फेज) ९० अंशांनी बदलून दुसरी तशीच स्पंद. तेवढ्या वेळात सम असेल तर कला एका बाजूला ९० अंश सरकलेली असते, विषम असेल तर उलट बाजूला. दुसऱ्या स्पंदेनंतर एक वर जाऊन बसते, एक खाली. क्यूबिट वाचला की पॅरिटी कळली. वाचनासकट हे दर पाच-दहा मायक्रोसेकंदांनी करता येतं. पडद्यावर बराच वेळ सपाट रेषा दिसते आणि मग एकाएकी टकटक सुरू होते. पहिल्यांदा ती बघताना मला कॉफी घ्यायला उठवत नव्हतं.

याला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली, पॅरिटी म्हणजे दोनाने भागून उरलेली बाकी. दोन वाचनांच्या मध्ये दोन क्वासीपार्टिकल गेले तर काहीच झालं नाही असं दिसतं. त्यामुळे मोठ्या घटनेत पॅरिटी इतकी भराभर उलटते की शंभर मिलीइव्ही होते की शंभर इव्ही, हे कळेनासं होतं. उंबरठा उत्कृष्ट, मोजमाप सुमार. दुसरी, आजूबाजूचा भार सावकाश सरकत राहतो आणि एका ठरावीक भारावर सम-विषमचा फरकच शून्य होतो. तेवढा वेळ डिटेक्टर आंधळा. गेट (विद्युतदाब देणारा इलेक्ट्रोड) लावून सतत भार जागेवर ओढत राहावं लागतं, आणि आंधळा वेळ प्रामाणिकपणे वजा करावा लागतो. अशा डिटेक्टरवरचा कुठलाही निकाल हाती आला की मी आधी हीच वजाबाकी शोधतो.

हे कल्पनेतलं नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या गटाने २०१८ मध्ये याच कुळातल्या क्वांटम कपॅसिटन्स डिटेक्टरने १.५ टेराहर्ट्झचे एकेकटे फोटॉन मोजून दाखवले. असा एक फोटॉन म्हणजे फक्त ६ मिलीइव्ही. त्यांचं यश लहान आकारात होतं: फोटॉन शोषणारी जाळी, आणि तिला जोडलेलं इवलंसं बेट, जिथे एक क्वासीपार्टिकल आला तरी मोजमाप हलतं. कणांसाठी तीच युक्ती स्लॅक (अमेरिकेतली राष्ट्रीय प्रयोगशाळा) आणि स्टॅनफर्डचा गट स्क्वॅट नावाच्या रचनेत वापरू पाहतो आहे. त्यात शोषणाऱ्या पाटीपेक्षा जंक्शनजवळच्या धातूची गॅप, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, कमी ठेवतात. क्वासीपार्टिकल उतारावरून घरंगळल्यासारखा तिथे येतो, अडकतो, आणि पुन्हा जोडी जमण्यापूर्वी जंक्शन अनेकदा ओलांडतो. एका कणाच्या अनेक टकटकी होतात, म्हणजे फुकटचं प्रवर्धन.

आता याच्या शेजारी गूगलने काय केलं ते ठेवा. त्यांनीही जंक्शनच्या दोन बाजूंच्या गॅपमध्ये फरक ठेवला, पण क्यूबिटच्या ऊर्जेपेक्षा मोठा, म्हणजे क्वासीपार्टिकलने जंक्शन ओलांडूच नये असा बांध. २०२४ पर्यंत त्यांचे दर दहा सेकंदांचे स्फोट जवळपास नाहीसे झाले आणि त्रुटी-दुरुस्तीच्या चाचण्यांत उरलेला एकत्रित बिघाड तासाला एकावर आला. त्याच धातूचे, त्याच मशीनवर टाकलेले थर. एकाने घसरगुंडी बांधली, दुसऱ्याने भिंत. 'तीच चिप नाही' असं सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

उंबरठा खाली गेला की खरा त्रास सुरू होतो, कारण क्यूबिटला मग सगळंच ऐकू येतं. अनेक गटांच्या अनेक डिटेक्टरांत काहीशे इव्हीच्या खाली घटनांची संख्या एकदम चढते, आणि त्याचा डार्क मॅटरशी संबंध दिसत नाही. या एका डोकेदुखीसाठी २०२१ पासून 'एक्सेस' नावाच्या स्वतंत्र कार्यशाळा भरतात. आमच्याकडेही एका चिपवर थंड केल्यानंतर पहिल्या आठवड्यात इतक्या टकटकी येत होत्या की एक सहकारी हर्षभरित झाला होता. दुसऱ्या आठवड्यात त्या बऱ्याच कमी, तिसऱ्यात आणखी कमी. डार्क मॅटर काही फ्रीज सुरू केल्याच्या तारखेपासून दिवस मोजत नाही. दोष गोंदात निघाला. चिप तांब्याच्या तळाला चिकटवली होती. थंड होताना गोंद आणि सिलिकॉन वेगवेगळे आकसतात, ताण साठतो आणि आठवडेच्या आठवडे कणाकणाने सुटत राहतो. प्रत्येक सुटका म्हणजे एक फोनॉनचा फटाका. बर्कलीशी संबंधित एका गटाने एक स्फटिक गोंदाने चिकटवून आणि तसाच दुसरा बारीक तारांवर लटकता ठेवून हे पद्धतशीर दाखवलेलं आहे. लटकत्या स्फटिकात त्रास पुष्कळ कमी झाला, पण शून्य नाही. धातूच्या थरांत स्वतःचाही ताण असतोच.

या गोंधळात क्यूबिटच्या बाजूने एक मुद्दा जातो, तो फारसा बोलला जात नाही. सिलिकॉनमध्ये आयनीकरण झालं तर भार सुटतात, आणि भार-संवेदी क्यूबिटला भाराची उडी आणि पॅरिटीची टकटक दोन्ही दिसतात. नुसता ताण सुटला तर फक्त टकटक, उडी नाही. गॅमा आणि म्यूऑन यांना ताणाच्या फटाक्यांपासून वेगळं करायला एकाच यंत्रात दोन कान मिळाले. सिलिकॉनच्या १.१ इव्हीच्या खाली मात्र हा दुसरा कान बंद होतो, कारण तिथे खऱ्या घटनेतही भार सुटत नाहीत. आणि आपल्याला हवा तो पट्टा नेमका तिथे आहे.

बाकीचे शत्रू झटपट सांगतो. फोटॉन: ९० गिगाहर्ट्झच्या वरचा कुठलाही फोटॉन कूपर जोडी तोडतो, आणि फ्रीजमधल्या ४ केल्विनच्या थराचा उष्ण प्रकाश बरोबर २०० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. त्यात ट्रान्समॉनच्या पाट्यांचा आकार असा की त्या या लहरींसाठी आयता अँटेना होतात. पेटीच्या झाकणाची एक फट पुरते. चांगलं कवच, केबलवर इन्फ्रारेड फिल्टर आणि लहान पाट्या यांच्या जोरावर पॅरिटी-बदल सेकंदाला एकाहून कमी करून दाखवलेले आहेत. कंपन: पल्स ट्यूब (फ्रीजला थंड करणारं यंत्र) सेकंदाला सुमारे १.४ ठोके देते आणि तो ठोका घटनांच्या वेळांमध्ये दिसू शकतो. म्यूऑनसाठी खाली जायचं. फर्मीलॅबमध्ये सुमारे १०० मीटर खोलीवर नेक्सस नावाची जागा आहे, तिथे क्यूबिट याच कामासाठी थंड केले जातात. पण म्यूऑनला फार दोष देऊ नका. एमआयटीच्या एका प्रयोगात म्यूऑन-डिटेक्टर आणि दहा क्यूबिट एकत्र चालवले, तेव्हा क्यूबिटच्या एकत्रित बिघाडांपैकी सहाव्या हिश्शाच्या आसपासच वैश्विक किरणांचे निघाले. उरलेल्यात पेटीतल्या, टेबलावरच्या, भिंतीतल्या साध्या किरणोत्साराचा वाटा मोठा.

कॅलिब्रेशन, म्हणजे डिटेक्टरची मोजपट्टी पक्की करणं, हा अजून अर्धवट सुटलेला भाग आहे. लाल लेझरचा फोटॉन २ इव्हीचा, तो सिलिकॉनमध्ये टाकून वरचं टोक पक्कं करता येतं. पाच मिलीइव्हीची घटना मागवायची कुठून? मला त्यातल्या त्यात पटणारा मार्ग म्हणजे चिपवरच दुसरं टनेल जंक्शन ठेवून त्याला विद्युतदाब द्यायचा. त्यातून निघणाऱ्या फोनॉनची कमाल ऊर्जा दाबाने ठरते. ऊर्जा कळली तरी संख्या आणि दिशा कळत नाही, हा त्यातला कच्चा दुवा आहे.

तुमच्या प्रश्नाचा एक वेगळाच पैलू म्हणजे जिथे कण क्यूबिटवर आदळतच नाही. डार्क मॅटर फार हलकं असेल, मायक्रोइव्हीचं, तर ते कणापेक्षा लाटेसारखं वागेल आणि धातूच्या पोकळीत (बंद डबीत) एखादा मायक्रोवेव्ह फोटॉन सोडेल. अशा फोटॉनमुळे पोकळीशी जोडलेल्या क्यूबिटची वारंवारता सरकते, आणि फोटॉन न खाता त्याच फोटॉनला पुन्हा पुन्हा विचारता येतं, 'आहेस का?' शिकागो आणि फर्मीलॅबच्या गटाने २०२१ मध्ये ६.०११ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २५ मायक्रोइव्हीवर, हे केलं. नेहमीच्या प्रवर्धकाच्या क्वांटम मर्यादेपेक्षा गोंगाट १५.७ डेसिबलने कमी, शोधाचा वेग सुमारे १,३०० पट. कूपर जोडी तोडायला लागते त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकी ही ऊर्जा. आणि इथे क्यूबिट जितका चांगला तितका डिटेक्टर चांगला, त्यामुळे वरची माझी सगळी कुरकुर इथे गैरलागू.

तुमच्या हाताशी फ्रीज आणि भार-संवेदी ट्रान्समॉन असेल, तर पहिला महिना डार्क मॅटर विसरा. पॅरिटी-बदलांच्या वेळांची यादी जमवा आणि दर दिवसाचा आकडा थंड केल्यापासूनच्या दिवसांपुढे मांडा. आकडा घसरत असेल तर चिपची पकड बदला. स्थिर पण जास्त असेल तर झाकणाचे स्क्रू आणि फिल्टर तपासा. ठोक्याला चिकटत असेल तर पल्स ट्यूब पाच मिनिटं बंद करून मोजा, फ्रीज तेवढा वेळ तग धरतो. दोन चिप शेजारी ठेवून एकाच मिलीसेकंदात दोन्हीकडे टकटक आली तर ती घटना काढून टाका, आणि मग जे उरेल त्याचा आलेख पाठवा.